मीठ वितळतं की विरघळतं? आणि तूप गोठतं की थिजतं?

कोथरूडमधल्या एका पालकांनी विचारलं आहे: मुलीने सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात ‘मीठ पाण्यात वितळते’ असं लिहिलं आणि गुण गेला. घरी आजीचं म्हणणं असं की आम्ही जन्मभर ‘चहात साखर वितळली का बघ’ असंच म्हणत आलो, मग ही चूक कशी? जाता जाता त्यांनी हेही विचारलं आहे की ‘तूप गोठलं’ म्हणायचं की ‘थिजलं’, की दोन्ही एकच.

पेपरापुरतं उत्तर सरळ आहे. मीठ पाण्यात विरघळतं. वितळायला उष्णता लागते, आणि वितळणारा पदार्थ एकटा असला तरी चालतो. ताटलीत ठेवलेला बर्फ एकटाच वितळतो. विरघळायला मात्र दुसरं कुणीतरी हवं, ज्यात विरघळायचं ते. माठातल्या गार पाण्यात लिंबू पिळून साखर ढवळली की ती दिसेनाशी होते; तिथे विस्तव कुठे आहे? साखर वितळायची तर तापमान 180 अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. मिठाला तर 801 अंश लागतात आणि ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मीठ खरोखर वितळवायला बसलं, तर आधी पातेलंच वितळून जाईल.

पण एवढ्यावरून आजींना चूक ठरवायची माझी तयारी नाही. स्वयंपाकघरात हा भेद नीट पाळला जातो, फक्त कुणी तो व्याख्या करून सांगत नाही. गुळाचंच बघा. कटाच्या आमटीत टाकलेला खडा विरघळतो. तोच गूळ चिक्कीसाठी कढईत चमचाभर तुपावर घातला, की तो वितळतो. तो वितळून फसफसायला लागला की दाणे घालायचे. गूळ एकच, क्रियापदं दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक. सोनाराकडे गेलात तर तिसरं ऐकायला मिळेल: तिथे सोनं आटवतात.

मग चहातच सरमिसळ का होते? कारण चहा गरम असतो. साखर नाहीशी होते ती उष्णतेनेच, असं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि उष्णता मदत करते हेही खरं. 20 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. पण मदत करणं वेगळं आणि वितळवणं वेगळं. तोंडात ठेवलेल्या चॉकलेटमध्ये मात्र दोन्ही गोष्टी एकदम घडतात. त्यातला कोकोचा स्निग्ध भाग अंगाच्या उष्णतेने वितळतो आणि साखर लाळेत विरघळते. तिथे कुठलंही क्रियापद वापरा, मी हरकत घेणार नाही.

आत काय होतं ते पाहिलं की शब्द पक्के बसतात. वितळताना पदार्थाचे कण तेच राहतात, शेजारीही तेच; फक्त जागच्या जागी थरथरणारे कण एकमेकांवरून घसरायला लागतात. विरघळताना पाण्याचे रेणू साखरेच्या रेणूंना एकेक करून सुटं करतात आणि वेढून घेतात. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11, असे 45 अणू असतात, आणि पाण्यात गेल्यावरही ते 45 एकत्रच राहतात. म्हणून तर पाणी गोड लागतं. मिठाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे रेणू नसतात. सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्यात वेगवेगळे होतात.

अणू-रेणूंचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगतो, कारण आजकाल मुलं फोनवर हिंदीतले धडे पाहतात. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. हिंदी ऐकून ‘पाण्याचा अणू’ लिहिलं की मराठीच्या पेपरात गुण गेलाच. मला स्वतःला आपली निवड फार आवडते. रेणू म्हणजे मुळात धूळ, ‘चरणरेणू’मधली. कवडशात नाचताना दिसणाऱ्या धुळीच्या कणाला संस्कृतात त्रसरेणू म्हणत. लहान कण मिळून झालेल्या कणाला तोच शब्द देणं किती शोभतं!

परिभाषेचं एक मात्र खटकतं. पदार्थ ज्या तापमानाला वितळतो तो द्रवणांक, आणि मीठ विरघळलेलं पाणी म्हणजे द्रावण. मीठ द्राव्य, पाणी द्रावक. हे सगळे शब्द ‘द्रु’ या एकाच धातूचे, म्हणजे धावणं, वाहणं. बोलण्यात जे दोन क्रियापदांनी वेगळं ठेवलं होतं, ते पुस्तकात एका धातूवर येऊन बसलं. मुलं गोंधळली तर दोष त्यांचा नाही. वितळणं आणि विरघळणं हे दोन शब्द आधी घोटून घ्यावेत आणि मगच द्रवणांकाकडे वळावं, असं माझं मत आहे.

आता तूप. गोठणं आणि थिजणं, दोन्हींत द्रवाचा स्थायू होतो, त्यामुळे विज्ञानाच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची. तरी पाणी गोठतं आणि तूप थिजतं, आणि हा भेद नुसता सवयीचा नाही. पाणी शून्य अंशांना गोठतं, त्याची रेघ स्पष्ट असते. तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. त्यातला कुणी लवकर घट्ट होतो, कुणी उशिरा. म्हणून कढवलेलं तूप सावकाश निवताना आधी गढूळ होतं, मग त्याला रवा येतो, मग ते डाव उभा राहील इतकं घट्ट होतं. ‘रवाळ तूप’ म्हणताना आपण पुस्तकातल्या स्फटिकांबद्दलच बोलत असतो. खोबरेल तेलही थिजतं, साधारण 24 अंशांच्या खाली. पुण्यात जानेवारीच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच. हळूहळू मंदावत घट्ट होणं हा थिजण्यातला भाव आहे, आणि ‘भीतीने थिजून गेला’ यातही तोच आहे.

तेव्हा ‘तूप गोठलं’ लिहिलं तर विज्ञानाच्या बाई गुण कापणार नाहीत, मराठीच्या बाईंनी कापला तर मी त्यांच्या बाजूने. दही मात्र या दोन्हींत बसत नाही. ते लागतं. तिथे कुणी थंड होऊन घट्ट होत नाही; आंबटपणामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात, आणि ते दही कितीही तापवलं तरी पुन्हा दूध होत नाही.