पळसाची लोकर, शिंजीरचं घरटं आणि वळवाची सर

होळी झाली की आपल्या सदरात पत्रांची नुसती खिचडी होते बघा. निम्म्या जणींना लोकरीचं विचारायचं असतं, निम्म्यांना पक्ष्यांचं, आणि काही पत्रांत दोन्ही एकत्र, वरून हवामानाची तक्रार प्रत्येकीची. तक्रार खरीच आहे म्हणा, पुण्यात परवा सकाळी मी शाल पांघरून विणत बसले होते आणि दुपारी पंखा पाचवर. तर या वेळी सहा पत्रं घेतलीयेत.

ताई, होळीसाठी पळसाची फुलं आणली होती, त्यातली उरलेली उकळून पांढरी लोकर रंगवली. काय सुंदर केशरी-पिवळा रंग आला म्हणून सांगू! तीन दिवस गच्चीवर वाळत टाकली तर एका बाजूने पार फिक्कट. माझं काय चुकलं? (नाशिकहून एक आजी)

आजी, उन्हात टाकलीत हे चुकलं, बाकी पळसाचा स्वभावच तसा आहे. पळसाला पानं तीनच म्हणतात ना, तसा पळसाचा रंग कुठेही जा, कच्चाच. होळीला अंगावर खेळायला म्हणून छान, धुतला की गेला. लोकरीवर तो जरा जास्त टिकतो पण ऊन त्याला सोसत नाही. कायम सावलीत वाळवायचं, आणि विणून झाल्यावरही ती वस्तू खिडकीतल्या खुर्चीवर टाकायची नाही.

आता रंगवण्याआधी तुरटी घातली होतीत का (तिच्यामुळे रंग धाग्याला धरतो) ते पत्रात लिहिलेलं नाही, मला वाटतं नसणार. 100 ग्रॅम लोकरीला 12 ते 15 ग्रॅम तुरटी, गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवायची, लोकर साध्या पाण्यात तासभर भिजवून मग त्यात सोडायची आणि मंद आचेवर हळूहळू तापवत न्यायचं, खळखळ उकळी अजिबात नाही, तासभर तसंच ठेवून गॅस बंद आणि लोकर त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. घाई करून गरम लोकर नळाखाली धरलीत आणि वर चोळलीत की तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट गुंतून जाड थर बनतो, मग विणणं विसरा, पायपुसणं करा. (माझं एक आहे, बाथरूमसमोर, हिरवं.) आणि भांडं स्टीलचं घ्या, स्वयंपाकाचं नको, वेगळं ठेवा. लोखंडी कढईत केलंत तर पिवळ्याचा शेवाळी होतो, मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

पक्का रंग हवा असेल तर डाळिंबाची सालं वाळवून ठेवत जा, नाशकात डाळिंबाला काय तोटा. सालीत टॅनिन, म्हणजे रंग धरून ठेवणारं तुरट द्रव्य, भरपूर असतं म्हणून तो पिवळा पळसापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. लाल हवा असेल तर आयुर्वेदिक दुकानात मंजिष्ठ मिळते, फक्त तिला जास्त तापवू नका, बोट घातलं तर चटका बसेल इतपत पुरे, उकळली की विटकरी-तपकिरी व्हायला लागते.

अजून एक, रागावू नका. फुलं झाडावरून तोडू नका हो. पळस, पांगारा, सावरी ही सगळी मंडळी पानं गाळून फुलतात आणि त्या दिवसांत मध पिणाऱ्या पक्ष्यांचं हॉटेल तेच असतं. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे मार्च-एप्रिलमध्ये परत मध्य आशियाकडे निघायच्या आधी याच फुलांवर तुटून पडतात, शिवाय मैना, बुलबुल, शिंजीर, खारी. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो तो गोळा करा, रंगाला तो पुरतो. वाळलेली फुलं लोकरीच्या वजनाइतकी तरी घ्या, दुप्पट घेतलीत तर आणखी छान.

माझ्या गॅलरीतल्या दोरीवर मी रंगवलेल्या लडी वाळत घातल्या होत्या, चार दिवस गावाला जाऊन आले तर एका लडीला लोंबतं घरटं! छोटासा काळपट चमकदार पक्षी आणि त्याची मातकट बायको ये-जा करतात. घरटं अलगद उचलून कुंडीतल्या झाडावर बांधलं तर चालेल का? लडी महागाची आहे. (चिंचवड)

नाही चालणार. लडी गेली असं समजा.

हे शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. घरटं बांधते ती एकटी मादी, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून चिकटवून, वर सालीचे तुकडे, कचरा, काय वाट्टेल ते लटकवते म्हणजे लांबून वाटावं की काहीतरी अडकून बसलेला केर आहे, आणि दाराला चक्क छोटी पडवी काढते. जागा हलवली की ती बहुतेक वेळा सोडूनच जाते. साधारण दोन अंडी असतात, उबवायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोन-अडीच आठवडे. म्हणजे सव्वा महिना फार तर. तोवर त्या बाजूचं दार हळू लावायचं, फोटो काढायला तोंडाजवळ मोबाइल न्यायचा नाही आणि कावळा बसेल असं काही शेजारी ठेवायचं नाही. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी क्लिपांच्या टोपलीला बांधलं होतं, महिनाभर सगळं घर कपडे बेडरूममध्ये वाळवत होतं आणि आमचे हे रोज विचारायचे, गेले का पाहुणे?

याच पत्रात तळाला तुम्ही विचारलंय की मग उरलेले लोकरीचे धागे कापून पक्ष्यांसाठी बाहेर ठेवू का. कृपा करून नको. इंटरनेटवर तसले गोड व्हिडिओ फिरतात, जाळीच्या पिशवीत रंगीबेरंगी धागे भरून झाडाला टांगलेले. लांब धागा पिल्लाच्या पायाला नाहीतर पंखाला गुंडाळला जातो, पिल्लू वाढतं तसा तो आवळत जातो, आणि ॲक्रिलिकचा असेल तर तुटतही नाही. कुत्र्याचे केससुद्धा नकोत, गोचिडांचं औषध लावलेलं असतं त्याचा अंश राहतो. द्यायचंच असेल तर वाळकं गवत, नारळाच्या काथ्याचे छोटे तंतू, न कातलेला कापूस एवढंच. खरं तर बाग थोडी अस्वच्छ ठेवली, कोळिष्टकं रोज झाडली नाहीत, तरी त्यांचं भागतं.

विणणाऱ्यांनी शिंपी पक्षी मात्र एकदा बघाच. चिमणीहून लहान, शेपूट वर, आवाज केवढा. मोठं पान वळवून कडेला चोचीने भोकं पाडतो आणि त्यातून कापूस नाहीतर कोळ्याचा धागा ओवतो. गाठ तो मारत नाही बरं का, भोकातून बाहेर आलेलं टोक पिंजारून फुगतं आणि बटणासारखं अडकून राहतं. मी ते बघितल्यापासून माझ्या विणकामात शेवटचा धागा दडवताना गाठ मारणं सोडून दिलंय, उलट्या बाजूने चार-पाच टाक्यांतून ओवून घेते, सुटत नाही.

सुनेचे दिवस एप्रिलअखेर भरतात. बाळंतविड्यात टोपडं, झबलं, दुपटं सगळं हाताने विणलेलं द्यायचंय, हातरंगाईची लोकर बघून ठेवलीय. पण ऐन उन्हाळा, आणि आमच्याकडे संध्याकाळी वळीव आला की एकदम गारठा. लोकर घेऊ की सूत? (कोल्हापूर)

सूत. दुपारी तुमच्याकडे अंग भाजतं, लोकरीचं टोपडं घातलंत तर पोर घामोळ्यांनी रडेल आणि सून तुमच्यावर चिडेल. दुपटं मात्र पातळ लोकरीचं एखादं असू द्या, ते वळवासाठी.

वळीव असा अचानक का येतो तर दिवसभर जमीन तापते, समुद्राकडून आलेली ओली हवा वर चढते, आणि वर जर उत्तरेकडून कोरडं गार वारं आलेलं असेल तर दोघांची गाठ पडून तासाभरात ढग आभाळभर उंच होतात, मग वीज, गारा, सगळं एकदम. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने जे झालं ते शेतकरी अजून विसरलेले नाहीत, त्यामुळे वळवाला नुसतं रोमँटिक म्हणवत नाही मला. बाळाच्या दृष्टीने इतकंच की एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे.

रंगाचं बघा. बाळ सगळं तोंडात घालतं, त्यामुळे विणण्याआधी लडी कोमट पाण्यात साबण घालून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि हौसेने हळदीने सूत रंगवायला जाऊ नका! हळदीचा पिवळा साबण लागला की लाल होतो, पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग धुताना होतो तसाच, आणि उन्हात उडतो तो वेगळाच. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, ताणलं की तसंच राहतं, म्हणून टोपड्याची कड दोन सुलट दोन उलट विणताना सुई एक नंबर बारीक घ्या. सूत घरी रंगवायचं असेल तर आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून मग तुरटी, नुसती तुरटी सुताला धरत नाही.

ताई, एडिनबरामध्ये राहते. इथे एप्रिलमध्ये एका दुपारी ऊन, गारा, भुरभुर बर्फ आणि परत ऊन असं सगळं होतं, बाहेर ब्लॅकबर्ड गातोय आणि मी हीटर लावून स्वेटर विणतेय. हातरंगाईच्या पाच लडी घेतल्या, लेबलवर रंग एकच, पण पुढच्या भागावर निळ्याची डबकी साचल्यासारखी दिसतात आणि पाठीचा भाग वेगळाच दिसतो. शिवाय बोटं निळी होतात. उसवू का?

पाठीचा भाग किती झालाय त्यावर आहे. हातभर झाला असेल तर उसवा, जड मनाने.

हातरंगाईत लेबल एक असलं तरी प्रत्येक लडी वेगळीच असते, एकाच पातेल्यातून निघालेल्या दोन लडीसुद्धा जुळ्या बहिणींसारख्या, लांबून सारख्या आणि जवळ गेलं की कळतं. म्हणून विणताना दोन गुंडे घ्यायचे, दोन ओळी एकाने दोन ओळी दुसऱ्याने, अख्ख्या स्वेटरभर. कडेला धागे बदलताना कंटाळा येतो खरा पण मग फरक मिसळून जातो. डबकी साचतात त्याचं कारण वेगळं, लडीवर रंग ठरावीक अंतराने चढवलेला असतो आणि तुमची एक ओळ नेमकी त्या अंतराच्या हिशोबात बसली की निळ्यावर निळा येत राहतो. टाके चार-सहा कमी-जास्त केले किंवा सुई बदलली की मोडतं. बाही अरुंद असते म्हणून तिथे डबक्यांऐवजी पट्टे येतील, घाबरू नका. दोन गुंड्यांची युक्ती दोन्हीवर चालते. मला स्वतःला थोडी डबकी आवडतात, एकसारखाच रंग हवा असेल तर कारखान्याची लोकर काय वाईट आहे?

बोटं निळी होणं म्हणजे जादाचा रंग धुतला गेलेला नाही किंवा नीट पक्का झालेला नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यात लडी दाबून बघा. रंग उतरला तर जिने रंगवली तिला आधी विचारा कुठला रंग वापरला, लोकरीचा ॲसिड डाय असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून लडी हळूहळू वाफ येईपर्यंत तापवायची, अर्धा तास तशीच ठेवायची, गार झाल्यावर धुवायची. नुसत्या गार पाण्यात व्हिनेगर टाकून काही होत नाही, उष्णता लागतेच. पांढऱ्या लोकरीबरोबर पट्टे विणायचे असतील तर हे आधी करा, नंतर रडून उपयोग नाही.

आमच्या माणदेशात धनगरांकडून मेंढीची लोकर स्वस्तात मिळते. ती कातून, रंगवून स्वेटर होईल का?

होईल, पण घालणार कोण? आपली दख्खनी मेंढी काटक, माळावर चरणारी, तिची लोकर जाड आणि राठ, मानेला टोचते. शिवाय बरीचशी काळी, काळ्यावर पळस काय नि मंजिष्ठ काय, काहीच दिसत नाही. घोंगडीसाठी ती एक नंबर, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसात डोक्यावर घेऊन माणूस दिवसभर रानात उभा राहतो, मऊ मेरिनो तिथे एक दिवस टिकायची नाही. जाड सुयांवर पिशवी विणा, बसकर विणा. पांढरट लोकर निवडून मिळाली तर ती रंगवून बसकराच्या कडेला वापरा, फार सुरेख दिसतं.

स्वेटर-शाली आता आत ठेवायच्या की थांबायचं? रोज वेगळं हवामान. आणि गेल्या वर्षी कसर लागली. (नागपूर)

नागपूरला काय थांबायचं, ठेवून द्या! एक शाल बाहेर असू द्या गारपिटीच्या दिवसासाठी. कसरीची अळी घाम आणि तेलकटपणा लागलेली लोकर आधी खाते, म्हणून न धुता काहीही आत जाता कामा नये. धुवायचं, पूर्ण वाळवायचं, साध्या लोकरीला कडक ऊन दाखवायचं, हातरंगाईची असेल तर सावलीतच वाळवून नीट झटकायची. मग घट्ट तोंडाच्या पिशवीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, ओला घातलात तर बुरशी येते. आणि महिन्यातून एकदा पिशवी उघडून झटका, अळीला अंधार आणि शांतता लागते, ती मिळू द्यायची नाही.