आजी ‘येते’ का म्हणते?

प्रिय सोनू,

रविवारी आजीचा फोन झाल्यावर तू विचारलंस, “आजी दर वेळी ‘बरं, येते मग’ म्हणते, पण येत तर नाही. खोटं का बोलते? आणि येते म्हटल्यावर फोन ठेवत का नाही? नुसती बघत बसते.” मी भांडी लावत होते. “अगं, तशी पद्धत असते,” म्हणून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, अडलं तर बाबाला विचार.

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाला तरी ‘येतो’, परगावी निघाला तरी ‘येतो’. माणूस वारला की आपण ‘गेला’ म्हणतो ना, त्यामुळे उंबऱ्यात उभं राहून कुणी ‘जातो’ म्हटलं तर जिवाला लागतं. लहानपणी माझ्या तोंडून कधी निसटलं तर आजी तिथल्या तिथे थांबवायची, “जाते नाही गं, येते म्हण.” देवापुढचा नारळ आपण फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढली’. तसंच हे.

मला हे कुणी बसवून शिकवलं नाही. सोलापूरला आमच्या एका अंगाला कन्नड बोलणारं घर, दुसऱ्या अंगाला तेलुगू. तेलुगू घरात माग होता, चादरी विणायचे. त्याच्या खटखटीनेच सकाळी जाग यायची. कन्नड घरातल्या अव्वा शेंगाचटणीची वाटी घेऊन यायच्या, आजीशी बोलत बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, “होगि बर्तीनि.” म्हणजे जाऊन येते. तेलुगू अक्का म्हणायच्या, “पोयोस्ता.” तेही जाऊन येते! तीन भाषा, पण ‘जाते’ एवढंच म्हणून कुणीच उठत नव्हतं. आजी अव्वांना “होगि बर्री” म्हणायची, अक्काला “पोयिरा”, आणि मराठी माणसाला “या”. ती फारशी शिकलेली नाही, पण कुणाला कुठल्या भाषेत निरोप द्यायचा याचा तिला विचार करावा लागत नसे. गावच तसं आहे. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने संक्रांतीला गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, त्यांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडात आहेत, आणि त्या जत्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मागे सगळं सोलापूर चालतं.

‘येते’ हा वायदा नाही, सोनू. ती इच्छा आहे. डॉक्टर कोटणीसांची गोष्ट बाबाने तुला सांगितली आहे. ते आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. त्यातला यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. १९४२ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले, तेव्हा ते बाळ काही महिन्यांचं होतं. घरातून निघताना तेही ‘येतो’ म्हणाले असतील असं मला नेहमी वाटतं. ते खोटं होतं असं कुणी म्हणेल का? सोलापुरातलं त्यांचं जन्मघर आज स्मारक आहे. पुढच्या वेळी तुला दाखवीन.

आता माझी एक चूक सांगते. तू तीन वर्षांची असताना इथे आम्हाला एकाने सांगितलं, घरीसुद्धा जर्मनच बोला, नाहीतर मूल गोंधळेल. आम्ही घाबरलो आणि ऐकलं. सहा महिन्यांत तू आजीच्या फोनवर गप्प झालीस. ती “जेवलीस का?” विचारायची आणि तू माझ्याकडे बघायचीस. एकदा फोन ठेवून मी खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा मराठी सुरू केली, आणि गोंधळ वगैरे काही झाला नाही. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळायचीस, ते आपोआप सुटलं. घरी सारखं ‘का?’ विचारणारी तू शाळेत तेवढ्याच वेळा ‘वारुम?’ विचारतेस, हे तुझ्या बाईंनीच मला सांगितलं.

मला गल्लीने शिकवलं. तुझ्या वाट्याला ती गल्ली नाही, म्हणून अव्वाही मीच आणि अक्काही मीच. रात्री झोपताना मी मराठीत गोष्ट सांगते, बाबा भाकरी थापताना तुला हाताशी घेतो, ते त्यासाठी. तुझं जर्मन आम्हाला नको आहे असं कधीच समजू नकोस. तुझ्या बाई ‘आउफ विडरझेएन’ म्हणतात ना? म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. आजीला सांग हे, तिला फार आवडेल.

आणि ती बघत का बसते? ‘येते’ला उत्तर असतं. समोरच्याने ‘ये’ म्हणायचं असतं. तू ‘च्यूस’ म्हणून हात हलवतेस आणि पळतेस, मीही तुला हे कधी सांगितलं नाही. ती त्या ‘ये’साठी थांबलेली असते.

या रविवारी थोडी थांब. ती “येते मग” म्हणाली की “ये गं आजी” म्हण. मी शेजारीच बसलेली असेन.

तुझी,
आई