क्लोन मशीन आणि डीएचसीपी: आधी टेम्प्लेट तपास

प्रिय मित्रा,

एकाच टेम्प्लेटवरून (नमुना-मशीनवरून) काढलेल्या दोन उबंटू आभासी मशिनांचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) वेगळे, तरी दोघांना १९२.१६८.१२२.५७ हाच आयपी मिळतोय, आणि तुझा संशय होस्टवरच्या (ज्या संगणकावर ही मशिनं चालतात त्यावरच्या) डीएनएसमास्कवर, म्हणजे डीएचसीपीने आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर, आहे. त्याला सोडून दे, तो नियमानेच वागतोय. क्लायंटने, म्हणजे पत्ता मागणाऱ्या मशीनने, विनंतीत ‘क्लायंट आयडेंटिफायर’ पाठवला असेल तर सर्व्हर लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता) शोधताना आधी तो बघतो, मॅक त्यानंतर. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅन या नेटवर्क-सेटिंगच्या साधनामागे सिस्टमडी-नेटवर्कडी काम करतं, आणि ते हा आयडेंटिफायर मुख्यतः इटीसी डिरेक्टरीतल्या मशीन-आयडी या फाइलीवरून बनवतं (तिच्यात मशीनचा ओळख क्रमांक असतो). क्लोन काढताना ती फाइल जशीच्या तशी आली. दोन बिऱ्हाडांनी एकाच रेशनकार्डाची झेरॉक्स दाखवली तर दुकानदाराच्या वहीत एकच कुटुंब लागणार.

म्हणून दुरुस्ती टेम्प्लेटमध्ये कर. टेम्प्लेट बंद करण्याआधी शेवटचं काम म्हणून मशीन-आयडी फाइल शून्य बाइटची कर. ती उडवू नकोस, फक्त रिकामी कर. बूटच्या सुरुवातीला रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली असेल तर सिस्टमडीला (बूटच्या वेळी सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) नवी फाइल तयार करता येत नाही, पण रिकाम्या फाइलीवर नवा आयडी माउंट करून (तात्पुरता वर बसवून) काम चालवता येतं. मग व्हार-लिब-डीबस डिरेक्टरीतली मशीन-आयडी बघ. ती इटीसीतल्या फाइलीची सिमलिंक (नुसतं तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद) असायला हवी. तिथे खरी प्रत पडून असेल तर सिस्टमडी तोच जुना आयडी उचलून परत लिहितो, आणि ‘फाइल रिकामी केली तरी काही बदललं नाही’ म्हणून आपण डोकं धरून बसतो. केव्हीएमवर (आभासी मशिनं चालवणारी लिनक्समधली सोय) आणखी एक भानगड आहे. मशीनला बाहेरून यूयूआयडी (आणखी एक ओळख क्रमांक) दिलेला असेल तर नवा मशीन-आयडी त्यावरूनच बनतो. तेव्हा मशीनच्या वर्णनाची एक्सएमएल फाइल हाताने कॉपी करत असशील तर यूयूआयडी आणि मॅक, दोन्ही ओळी काढून टाक. लिबव्हर्ट (आभासी मशिनांचा कारभार पाहणारा प्रोग्राम) नवे देतो (मॅक ५२:५४:०० ने सुरू होतो). व्हर्ट-क्लोन हे क्लोन काढायचं साधन वापरलंस तर हे आपोआप होतं.

टेम्प्लेट अपडेटसाठी पुन्हा एकदा जरी बूट केलं, तरी आयडी पुन्हा लिहिला जातो. बहुतेक लोक इथेच फसतात. दर वेळी बंद करण्याआधी फाइल रिकामी करायची.

क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) असेल तर त्याचा ‘क्लीन’ही चालव. त्याने लिहिलेल्या नेटप्लॅन फाइलीत, ५० आकड्याने सुरू होणाऱ्या, मॅक जुळवायची ओळ असू शकते. क्लोनचा मॅक वेगळा, म्हणून ती ओळ जुळत नाही आणि इंटरफेस नुसता पडून राहतो. व्हर्ट-सिसप्रेप ही बरीचशी सफाई एका फटक्यात करतं, मात्र मशीन बंद असतानाच. ते एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, पण पुसतं. डेबियन-उबंटूवर क्लाउड-इनिट नसेल तर त्या आपोआप परत बनत नाहीत, मग आयपी मिळूनही लॉगिन होत नाही आणि दोष नेटवर्कला जातो.

आत्ता चालू असलेल्या मशिनांपुरता तात्पुरता उपाय हवा असेल तर नेटप्लॅनमध्ये त्या इंटरफेसखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ची किंमत ‘मॅक’ कर. पत्त्यांची टक्कर थांबेल. जर्नलच्या (सिस्टमच्या लॉगच्या) नोंदीत मात्र दोन्ही मशिनं एकाच आयडीने दिसत राहतील, म्हणून हा कायमचा इलाज धरू नकोस.

आता दुसरा प्रकार: पत्ता मिळतच नाही, किंवा विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. इथे अंदाज बांधायचा नाही. पत्ता मिळवताना डिस्कव्हर (शोध), ऑफर (देऊ केलेला पत्ता), रिक्वेस्ट (मागणी), अ‍ॅक (मंजुरी) अशी चार पॅकेटं असतात, यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ वर. टीसीपीडम्प (पॅकेटं टिपणारं साधन) तीन ठिकाणी लाव: गेस्टच्या (आभासी मशीनच्या) इंटरफेसवर, होस्टवरच्या त्या मशीनच्या व्हीनेट टॅपवर (मशीनच्या आभासी तारेच्या होस्टकडच्या टोकावर), आणि ब्रिजवर (मशिनं जोडणाऱ्या आभासी स्विचवर) किंवा बाहेरच्या कार्डावर. पॅकेट शेवटचं कुठे दिसलं ते बघ, पुढचं त्यावरून ठरतं.

डिस्कव्हर टॅपवर दिसतो, पण बाहेरच्या कार्डावर दिसत नाही: त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) आहे का ते आधी विचार. डॉकर आयपीटेबल्स या फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ (फेकून दे) करू शकतो, आणि ब्रिज-नेटफिल्टर चालू असेल तर ब्रिजवरून जाणारी फ्रेमही त्या साखळीतून जाते. तुझ्या ब्रिजपुरता परवानगीचा नियम घाल, किंवा ब्रिज-नेटफिल्टरचं कॉल-आयपीटेबल्स सेटिंग शून्य कर. दुसरा पर्याय निवडण्याआधी होस्टवर आणखी कोण त्यावर अवलंबून आहे ते बघून घे. कुबरनेटीसला (कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेला) ते सेटिंग सहसा चालू लागतं.

ऑफर गेस्टपर्यंत पोचते, तरी गेस्ट डिस्कव्हरच पाठवत राहतो: जुना डीएचक्लायंट (पत्ता मागणारा प्रोग्राम) आणि व्हर्टआयओ (आभासी) कार्ड ही जोडी असेल तर चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) तपास. व्हर्टआयओ पॅकेटचा यूडीपी चेकसम अर्धवट ठेवतं, कारण एकाच होस्टच्या आत तो पुरा करायची गरज नसते. पण जुना क्लायंट रॉ सॉकेटवरून थेट पॅकेट वाचतो आणि चेकसम चुकीचा म्हणून फेकून देतो. लॉगमध्ये ‘बॅड यूडीपी चेकसम्स’ असं येतं. होस्टवर पोर्ट ६८ कडे जाणाऱ्या पॅकेटांसाठी आयपीटेबल्सच्या मँगल टेबलात चेकसम-फिलचा नियम घातला की सुटतं.

बूटनंतर पत्ता अर्ध्या मिनिटाने येतो: ब्रिजवर एसटीपी (जोडणीत लूप, म्हणजे गोल फेरा, होऊ न देणारी पद्धत) चालू आहे. लिसनिंग १५ सेकंद, लर्निंग १५ सेकंद, तोवर पोर्ट काहीच पुढे पाठवत नाही. गेस्टमधला नेटवर्कमॅनेजर ४५ सेकंदांनी नाद सोडतो, म्हणून कधी मिळतो, कधी नाही. ब्रिजला एकच बाहेरचं कार्ड असेल आणि लूपची शक्यता नसेल तर एसटीपी बंद कर.

लॅपटॉपच्या वायफायवर ब्रिज करायच्या भानगडीत पडू नकोस. अ‍ॅक्सेस पॉइंट सहसा फक्त जोडलेल्या कार्डाचाच मॅक स्वीकारतो. तिथे नॅट (होस्टच्याच पत्त्याआडून बाहेर जाणं) वापर.

लीजच्या मुदतीचा हिशोब कागदावर मांड. लिबव्हर्टच्या मूळ नेटवर्कमध्ये २ ते २५४ असे २५३ पत्ते असतात. चाचणीसाठी ताशी २० मशिनं बनत असतील आणि काम झालं की ‘डिस्ट्रॉय’ होत असतील, तर ती पत्ता परत करत नाहीत, कारण डिस्ट्रॉय म्हणजे वीजच तोडणं. लीज २४ तासांची ठेवलीस तर सुमारे साडेबारा तासांत पत्त्यांचा पूल रिकामा. एक तासाची ठेव. क्लायंट निम्म्या मुदतीला, म्हणजे तीस मिनिटांनी नूतनीकरण मागतो आणि ८७.५ टक्क्यांना, म्हणजे साडेबावन्न मिनिटांनी, मिळेल त्या सर्व्हरकडे. याची किंमतही आहे: सर्व्हर तासभर पडला की सगळ्यांचे पत्ते जातात. म्हणून कायमच्या मशिनांना तोच पत्ता परत मिळावा यासाठी मॅकवरून आरक्षण दे. डीएनएसमास्कमध्ये आरक्षित पत्ता रेंजच्या आत चालतो, आयएससी डीएचसीपीडी या दुसऱ्या सर्व्हरमध्ये तो पूलच्या बाहेरच हवा. हे आरक्षण व्हर्शच्या (लिबव्हर्टच्या कमांडच्या) ‘नेट-अपडेट’ने लाइव्ह आणि कॉन्फिग दोन्ही पर्याय देऊन घाल. त्यासाठी नेटवर्क बंद-चालू करू नकोस, ब्रिज मोडतो, चालू मशिनं सुटतात आणि दर वेळी आपोआप परत जोडली जातात असं नाही.

स्नॅपशॉटवर (मशीनच्या साठवलेल्या जुन्या स्थितीवर) परत गेलास की इंटरफेस रीकॉन्फिगर कर. थांबवलेल्या मशीनचं आतलं घड्याळही थांबलेलं असतं. तीन दिवसांनी उठलेलं मशीन लीजची चाळीस मिनिटं शिल्लक आहेत असंच समजतं, आणि तोवर तो पत्ता दुसऱ्याला गेलेला असतो.

टेम्प्लेट दुरुस्त झाल्यावर दोन क्लोन एकदम चालू कर, आणि मशीन-आयडी, मॅक आणि आयपी तिन्ही शेजारी मांडून बघ. मग दोन्ही रीबूट करून पत्ते तेच राहतात का ते बघ. तरीही अडलं तर तिन्ही ठिकाणचा टीसीपीडम्प फाइलीत साठवून पाठव, स्क्रीनशॉट नकोत.