वाचकांचे प्रश्न : डोंगरातली चाल आणि कोळशाची गाणी

प्रश्न : अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या गायिका जीन रिची यांची गाणी अलीकडेच ऐकली. परंपरेने आलेली गाणी कोणती आणि त्यांनी स्वतः रचलेली कोणती, हे ओळखताच येत नाही. शिवाय ही गाणी म्हणजे हरवलेल्या बालपणाची ओढच नव्हे का?

उत्तर : ओळखता येत नाही, हीच त्यांच्या रचनांची ताकद आहे. जीन रिची यांचा जन्म १९२२ साली पूर्व केंटकीतील व्हायपर या गावी झाला. चौदा भावंडांत त्या धाकट्या. ब्रिटनमधून आलेल्या पूर्वजांची कथागीते त्या घरात पिढ्यान् पिढ्या गायली जात, आणि इंग्रज संग्राहक सेसिल शार्प १९१७ साली या भागात आले, तेव्हा त्यांनी जीन यांच्या थोरल्या बहिणींकडूनही गाणी उतरवून घेतली होती. वडिलांनी आपल्या डल्सिमरला हात लावायची मुलांना मनाई केली होती, तरी जीन यांनी ते लहानपणीच चोरून वाजवून पाहिले. मांडीवर आडवे ठेवायच्या या वाद्याच्या एका तारेवर काडी सरकवत चाल वाजवतात आणि बाकीच्या तारा तंबोऱ्यासारखा स्वर धरून ठेवतात. स्वतःची गाणी रचतानाही त्यांनी हे जुने वळण सोडले नाही, म्हणून नवे गाणेही आजीकडून आल्यासारखे वाटते.

ओढ आहे, पण तेवढ्यावर ही गाणी थांबत नाहीत. लुईव्हिल–नॅशव्हिल रेल्वेची गाडी आता गावात थांबत नाही, या आशयाचे त्यांचे गाणे नीट ऐकावे. खाणीतून येणारा बाप कोळशाने इतका माखलेला असे, की तोच त्याचा रंग आहे असे लेकराला वाटे. खिशात कंपनीच्या दुकानात चालणारी कंपनीचीच कुपने असत. खाण बंद पडल्यावर तोच बाप रिकाम्या खिशाने आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाजारात जातो. बापाचा चेहरा उजळला तो घरातली मिळकत गेल्यामुळे, हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी रचना मला सहज आठवत नाही. येथे आठवण साक्षीदाराचे काम करते. हे गाणे जॉनी कॅश यांनीही १९७९ साली गायले. कोळशावरची काही गाणी जीन यांनी आपल्या आजोबांच्या नावावरून घेतलेल्या ‘थॅन हॉल’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, कारण पुरुषाच्या नावावर ती अधिक गांभीर्याने ऐकली जातील असे त्यांना वाटत होते. हे वाचून आजही वाईट वाटते.

खाणींनी काळवंडलेल्या ओढ्यांवरचे त्यांचे गाणेही असेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगरातल्या अनेक कुटुंबांनी जमिनीखालच्या खनिजाचे हक्क नाममात्र किमतीला विकले होते, आणि पुढे त्याच करारांच्या आधारे कंपन्या मालकाची संमती न घेता वरची जमीनही खरवडू लागल्या. केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून याला १९८८ साली आळा घातला. तोवर कित्येक शेते आणि ओढे गेले होते.

आपण आधी त्यांचे वाद्याविना गायलेले एखादे जुने कथागीत ऐकावे आणि लगेच हे ओढ्यांवरचे गाणे लावावे. दोन्हींतला आवाज तसाच संथ, न रडणारा आहे, आणि आरोप त्या संथपणामुळेच अधिक बोचतो.