इटालियन 'जाल्लो' चित्रपटांचा (खुनांभोवती फिरणारे रहस्यपट) अमेरिकन स्लॅशरपटांवर (एक खुनी एकेकाला मारत सुटतो असे भयपट) खरंच प्रभाव आहे का?

आहे, आणि काही ठिकाणी तर सरळ उचलेगिरी वाटावी इतका. इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा 'अ बे ऑफ ब्लड' (१९७१) बघा. खाडीकाठच्या मालमत्तेवरून खून पडत असतात, त्यात चार तरुण मजा करायला येतात आणि फुकट मरतात. एकाच्या तोंडावर कोयता बसतो, पलंगावरचं जोडपं एकाच भाल्यात आरपार. आता 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दुसरा भाग (१९८१) लावा: चेहऱ्यावर कोयता आणि पलंगावर भाला, दोन्ही हजर!

त्याआधी बावाच्याच 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये (१९६४) फॅशन हाउसमधल्या मॉडेल्सना मारणारा खुनी काळे हातमोजे घालतो आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं कापड दिसतं. मुखवटेवाल्या खुन्यांचा हा थोरला भाऊच म्हणायचा.

फरक मात्र मोठा आहे. जाल्लो मुळात रहस्यकथा. इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या १९७० च्या पहिल्या चित्रपटात नायक आर्ट गॅलरीच्या दोन काचांमध्ये अडकून हल्ला पाहतो, पण पाहिलेल्यातलं नेमकं काय खटकतंय तेच त्याला आठवत नाही. सगळा चित्रपट त्यावर उभा. अमेरिकनांनी रहस्य बरंचसं काढून टाकलं, खून तेवढे ठेवले. (मला त्यामुळे बरेच स्लॅशर कंटाळवाणे वाटतात.)

अर्थात सगळं श्रेय इटलीला देऊ नका. 'सायको' (१९६०) आणि कॅनडाचा 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) यांचाही वाटा आहेच. सुरुवात करायची तर अर्जेंतोचा 'डीप रेड' (१९७५) बघा, हेडफोन लावून. गॉब्लिन या बँडचं संगीत अफलातून आहे.