घरगुती वेल्डिंग मशीनसाठी रॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : घरच्या किरकोळ कामांसाठी मी २०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले आहे. दुकानदाराने दहा नंबरचे ६०१३ रॉड दिले. खिडकीच्या ग्रिलसाठी दीड मिलिमीटर जाडीचे चौकोनी पाइप जोडताना करंट कमी ठेवला तर रॉड चिकटतो आणि वाढवला तर पाइपला भोक पडते. ओळखीचे एक फॅब्रिकेटर ७०१८ रॉड जास्त मजबूत असल्याचे सांगतात. तो घ्यावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : रॉडचा प्रकार, म्हणजे ६०१३, आपल्याला योग्यच मिळाला आहे, चुकली आहे ती त्याची जाडी. बाजारात ज्याला दहा नंबर म्हणतात तो रॉड ३.१५ मिलिमीटरचा असून त्याला साधारणपणे ९० ते १३० अँपिअर करंट लागतो. एवढी उष्णता दीड मिलिमीटरच्या पाइपला सोसत नाही आणि करंट उतरवला की आर्क (रॉडचे टोक आणि पाइप यांमधील विजेची ज्योत) टिकत नाही, म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. बारा नंबरचा, अर्थात २.५ मिलिमीटरचा रॉड आणून ६० ते ७० अँपिअरवर आधी त्याच पाइपच्या टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहावा. तरीही भोक पडत असल्यास २ मिलिमीटरचा रॉड घ्यावा. होल्डर मशीनच्या निगेटिव्ह टोकाला आणि अर्थचा चिमटा पॉझिटिव्हला जोडल्यास ६०१३ ची आर्क कमी खोल जाते. पातळ पाइपला ते सोयीचे पडते. सांधा एका दमात ओढू नये, थोडे थोडे टाके जागा बदलत मारावेत.

आता मजबुतीविषयी. रॉडवरील पहिले दोन आकडे जोडधातूची किमान ताणशक्ती दर्शवतात : ६० म्हणजे दर चौरस इंचास ६०,००० पौंड, सुमारे ४१५ मेगापास्कल. ग्रिल, फाटक, मांडव यांसाठी आपण जे साधे माइल्ड स्टील वापरतो त्याची ताणशक्तीही जवळपास तेवढीच असते, त्यामुळे ७० चा रॉड वापरून ग्रिल अधिक टिकाऊ होईल असे नाही. ७०१८ ची खरी गरज जाड प्लेट, भार पेलणारे सांधे आणि तडा जाण्याची शक्यता असलेले पोलाद अशा ठिकाणी असते. शिवाय त्याची आर्क अगदी आखूड धरावी लागते आणि एकदा विझलेला रॉड पुन्हा पेटवताना टोकावरची खपली फोडावी लागते. फॅब्रिकेटरांचा हात त्यावर बसलेला असतो. नवशिक्याला मात्र तो निष्कारण त्रास देतो, असे आमचे मत आहे.

मशीनवर २०० अँपिअर लिहिले असले तरी घरातील १६ अँपिअरच्या पॉइंटवर तेवढे काम अपेक्षित धरू नये. २.५ मिलिमीटरचा रॉड अशा पॉइंटवर बहुधा चालतो, पण ३.१५ चा रॉड सलग जाळायचा असेल तर मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि योग्य एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढावा आणि काम उघड्यावर करावे, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो.

प्रश्न : पावसाळ्यात उघड्या पुड्यातील रॉड सर्दावले आहेत. उन्हात वाळवले तर चालतील का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : उन्हाने पुरेसे काम होत नाही. ६०१३ रॉड १०० ते १२० अंश सेल्सिअसला सुमारे तासभर तापवल्यास बहुतेक वेळा पुन्हा वापरता येतात. पुड्यावर वेगळी सूचना असल्यास ती पाळावी. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नये. ज्या रॉडचे आवरण फुगले, तडकले किंवा गळून पडले आहे, तो टाकून द्यावा. ७०१८ ला ३०० अंशांहून अधिक तापमान लागते आणि ते घरी साधणे अवघड आहे. उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि पुढच्या वेळी जून महिन्यापूर्वी संपेल एवढाच पुडा आणावा.