इंग्रजीतला 'कॅश्यू' हा शब्द आपल्या 'काजू'वरून गेला आहे का?

नाही, इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचललेला नाही. 'कॅश्यू' आणि 'काजू' हे दोन्ही पोर्तुगीज 'काजू'वरून आले आहेत. झाड मूळचं ब्राझीलचं, आणि तिथल्या तुपी भाषेत त्याचं नाव 'अकाजू'. पोर्तुगीजांनी सुरुवातीचा 'अ' गाळला, सोळाव्या शतकात झाडासोबत नावही गोव्यात उतरवलं, आणि कोकणी-मराठीत ते इतकं रुळलं की आज कुणाला परकं वाटत नाही. इंग्रजीच्या कुठल्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशात हाच प्रवास दिलेला असतो.

वापरात मात्र एक फरक सांभाळा. इंग्रजीत नुसतं 'कॅश्यू' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गर येतो. बोंडूला, म्हणजे काजूच्या रसाळ फळाला, 'कॅश्यू ॲपल' म्हणावं लागतं, नाहीतर फेणी गरापासून काढतात असा पर्यटकाचा समज होतो (आणि तो होतोच!). काजूची फेणी होते बोंडूच्या रसाची. तो रस आंबवून आधी उर्राक, म्हणजे पहिल्या ऊर्ध्वपातनाची दारू, काढतात आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी. पोर्तुगीजमध्ये नेमकं उलटं आहे: 'काजू' म्हणजे मुख्यतः फळ, आणि बीला 'काश्तान्य द काजू', म्हणजे काजूचं चेस्टनट. म्हणून म्हापशाच्या बाजारात बोंडूंच्या ढिगाकडे बोट दाखवून एखादा ब्राझिलियन 'काजू' म्हणाला, तर त्याची चूक काढू नका.